घाटघरच्या लग्नातली परदेशी चाल

मंचरहून जुन्नरची एसटी पकडली तेव्हा पर्समध्ये एक कॅसेट होती. पुण्यात ऑफिस सुटल्यावर मी इंटरनेटवरचे रेडिओ ऐकत बसायचे. त्यातल्या एकावर आवडत्या गिटारवाल्या बँडचं नाव टाकलं की तो त्याच्यासारखे दुसरे बँड ऐकवायचा. असंच भटकताना युरोपातल्या कुठल्याशा डोंगरी गावचं लग्नातलं बँडपथक लागलं. तीच पितळी वाद्यं, तीच घाई! मला किसनमास्तरांचा बँड आठवला. मंचरजवळच्या अवसरीत आमच्या घरची सगळी लग्नं त्यांनीच वाजवलेली. मी ती चाल लगेच टेप केली.

मास्तर जुन्नरच्या बाजारपेठेतल्या दुकानात क्लॅरिनेट पुसत बसले होते.

"या ताई, लग्न कुनाचं?"

"लग्न नाही, गाणं ऐकवायला आलेय."

ते हसले. "आता आमालाच कोन ऐकत न्हाई. समद्यांना डीजे पायजे. उद्याचं घाटघरचं लग्न झालं की दुकान बंद करायचा इचार हाय."

ही चाल इंटरनेटच्या रेडिओवर कशी सापडली ते सांगत मी दुकानातल्या टेपवर कॅसेट लावली. मास्तरांनी मांडीवर ठेका धरला, मग हात थांबला. "ताल लंगडतोय की! पन लई गोड लंगडतोय."

दुपारभर ते ती चाल क्लॅरिनेटवर बसवत होते. मी जुन्नरमधल्या मावशीकडे मुक्काम केला आणि सकाळी बँडच्या जीपमध्ये जाऊन बसले.

आपटाळे मागे पडलं आणि रस्ता डोंगरात शिरला. भाताची खाचरं (बांध घातलेली उतारावरची शेतं) उन्हानं भाजून निघाली होती. एका वळणावर टपावरचा मोठा ढोल सुटला आणि गडगडत थेट खाचरात गेला. सगळे वाजवणारे त्याच्यामागे धावले. ढोल शाबूत निघाला, तेव्हा कुठे हसू फुटलं.

घाटघरात वरातीपुढे मास्तरांनी नवी चाल काढली. नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले.

"मास्तर, चुकलं का काय राव?" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. मास्तरांनी मान खाली घातली आणि नेहमीचं सिनेमातलं गाणं सुरू केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पंगतीत भात, आमटी, बुंदी आणि द्रोणात करवंदं होती. मी मास्तरांपासून लांब, दुसऱ्या टोकाला बसले.

जेवणं उरकली. जांभळीच्या सावलीत मास्तरांनी पुन्हा क्लॅरिनेट ओठाला लावली आणि हळूच तीच चाल धरली, फक्त स्वतःसाठी. ढोलवाल्यानं मागून सावकाश ठेका धरला. बोलणारी माणसं गप्प झाली, एकेक जण येऊन बसला. चाल संपली तरी कुणी उठेना.

नवरीचे आजोबा म्हणाले, "मगाशी आमी नाचाया गेलो, तितंच चुकलं. हे बसून ऐकायचं व्हतं. पुन्यांदा वाजवा."

जुन्नरला उतरल्यावर मास्तरांनी विचारलं, "ताई, त्यो रेडू हितं ऐकाया मिळंल?"

स्टँडजवळच्या इंटरनेट कॅफेत मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला. गाणं सारखं तुटत होतं. मास्तर डोळे मिटून पुढच्या सुरांची वाट बघत होते.

"आणि दुकान?" मी निघताना विचारलं.

"सकाळी उघडायचं. मानसं तालमीला बोलवल्यात."

मंचरच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर वाटलं, इतके दिवस नवी गाणी मी एकटीच ऐकत होते. खरं तर ती घेऊन कुणाच्या तरी दारात जायला हवं. ऐकणारा त्यांचं काय करेल, ते आपल्या हाती नसतं, आणि तेच बघायला मजा येते.