अक्कांच्या उशापाशी समुद्र

घरात असोत की लग्नाच्या मांडवात, सारच्या उजव्या बाहीची घडी कोपराच्या वर असायची. डावी बाही मात्र मनगटापर्यंत, बटण लावलेली. कुणी विचारलं तर म्हणत, "केव्हां हात घालावा लागेल, काय सांगावं?" हात घालायचा तो पाण्यात. त्यांनी घरात समुद्र केला होता.

मी साताऱ्याची. नवऱ्याच्या बदलीमुळे कुंभकोणमला आले आणि फिजिओथेरपिस्ट म्हणून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊ लागले. सारच्या घरी गेले ती त्यांच्या बायकोसाठी, अक्कांसाठी. अक्कांचे हातपाय मज्जातंतूंच्या आजाराने हळूहळू गेले होते. जीभ जड झाली होती, पण बुद्धी लख्ख. दोघंही तंजावरकडची मराठी माणसं, कैक पिढ्या इथलीच. दाराबाहेर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत ती जुनी मराठी. सुरुवातीला मला पोथीतली माणसं समोर बसून कॉफी पीत आहेत असं वाटे. इथल्या रीतीने मी अक्कांच्या नवऱ्याला 'सार', म्हणजे सर, म्हणे. ते मला 'डॉक्टरबाई' म्हणत. मी डॉक्टर नाही हे मी पुष्कळदा सांगून पाहिलं.

सार वीज खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. निवृत्तीनंतर दोघं रामेश्वरला गेली होती. तिकडे तळाला काच बसवलेल्या होडीतून प्रवाळ दाखवतात. अक्का काचेवर ओणवून बघत राहिल्या. सारना होडी लागली, ते सगळा वेळ डोळे मिटून बसले. पुढे अक्का अंथरुणावर पडल्या आणि एक दिवस सहज म्हणाल्या, की तुम्ही तर पाहिलंच नाही. हे सारनी मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना एवढंच म्हणाले, "तिला आतां नेतां येईना. मग इकडेच आणावं म्हटलं."

तुम्हीही माझ्यासारखेच असाल तर पोवळं म्हणजे अंगठीतला लाल खडा, एवढंच तुम्हाला ठाऊक असेल; प्रवाळ म्हणून ते समुद्रात जिवंत असतं, हे मला तिथे कळलं. मी त्या घरात पहिल्यांदा गेले तेव्हा अक्कांच्या पलंगासमोर भलीमोठी काचेची टाकी होती आणि तिच्यात नुसते दगड आणि पाणी. गाळून शुद्ध केलेलं पाणी, त्यात मोजून विरघळवलेलं समुद्राचं मीठ. आठवडे गेले तरी तसंच. येणारेजाणारे हसत. मासे कधी येणार, असं मीही विचारलं. "पाणी बसूं दे," ते म्हणाले. दगडांत डोळ्यांना न दिसणारे जंतू वाढतात, घाण पचवतात, मग त्या पाण्यात जीव जगतो, असं त्यांनी मला समजावलं. तोवर घाई केली तर आणलेलं सगळं मरतं. ते वाट बघायला कंटाळत नसत. अक्कांना भरवतानाही त्यांचं तेच. एक घास, मग थांबणं.

मग नारंगी माशांची एक जोडी आली आणि मऊ जातीची प्रवाळं आली. दगडी प्रवाळ पाळायला कायद्याने बंदी आहे. एका दुकानदाराने फोनवर गुपचूप देऊ केलं तेव्हा सारनी विचारलं, की चोरून आणलेला समुद्र तिला दाखवूं का? आणि फोन ठेवला.

ज्या दिवशी प्रवाळांनी पहिल्यांदा तोंडं उघडली त्या दिवशी मी तिथेच अक्कांचा गुडघा वाकवत होते. निळ्या उजेडात हिरवी बटणं उमलावीत तसं दिसत होतं. सारनी हळूच विचारलं, "होडींतून दिसलं तें असंच होतं का?"

अक्का पुष्कळ वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही. तें माझ्या एकटीचं होतं."

सार टाकीतला पंप नीट आहे ना ते पाहायला खाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

मग वादळाचं वर्ष आलं. कावेरीच्या खोऱ्यातले विजेचे खांब काडीसारखे मोडून पडले. सकाळी मी गुडघाभर पाण्यातून त्यांच्याकडे पोचले, तर टाकी बंद. इन्व्हर्टरमध्ये उरलेली सगळी वीज त्यांनी अक्कांच्या हवेच्या गादीला दिली होती. ती गादी थांबली तर पाठीला जखमा होणार. आणि पाणी हललं नाही तर टाकीतले जीव गुदमरणार.

"माझ्याखालचं बंद करा," अक्का म्हणाल्या. "मला कुशीवर वळवायला माणसं आहेत."

सारनी ऐकलं नाही. गादी चालू ठेवली आणि स्वतः स्टूलवर बसून तांब्याने टाकीतलंच पाणी उचलून उंचावरून ओतू लागले. त्यांचा हात भरून आला की शेजारच्या बाई बसत, मग मी. माझा वेग वाढला की म्हणत, "हळू, डॉक्टरबाई. अभिषेक नव्हे हा."

शेजारच्या बाईंनी सुचवलं, की तुमच्या हाताखालची माणसंच आज तिकडे अधिकारी आहेत, एक फोन करा. सार ओतत राहिले आणि म्हणाले, "खांबांवर माणसं चढलीं आहेत, ओल्या तारांत. अमुक तार आधीं जोड म्हणून कसं सांगूं?" त्यांच्या तरुणपणी एक लाइनमन त्यांच्या डोळ्यांदेखत गेला होता, हे अक्कांनी मला नंतर सांगितलं.

वीज आली तोवर बरंच गेलं होतं. सगळ्यात मोठं प्रवाळ विरघळून पांढरा चिकटा झाला होता. जोडीतला एक मासा तळाशी पडला होता. सारनी अक्कांना दिसू नये म्हणून काचेवर आपली वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, पसरली.

"काढा तें," अक्का म्हणाल्या. "मेलेलंही मलाच पाहूं दे."

त्यांनी वेष्टी काढली. दोघं बघत बसली. मी व्यायाम न देताच परतले.

दगडामागे तगलेल्या चार बटणांतून पुन्हा एक गालिचा तयार झाला. तो अक्कांनी पाहिला. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्या गेल्या. कावेरीकाठचं सगळं आटोपून सार घरी आले, आंघोळ केली आणि ओल्या अंगानेच टाकीत गोडं पाणी घालू लागले. उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, म्हणून रोज गोडं पाणीच भरावं लागतं. नात्यातल्या एका वृद्धांनी हटकलं, की सुतकात हे काय चाललंय. सार वळले नाहीत. शांतपणे म्हणाले, "सुतक मला आहे. त्यांना नाही."

वर्षभराने त्यांची बंगळुरूची मुलगी त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. तिच्या फ्लॅटमध्ये टाकीला जागा नव्हती. तिकडेच ते वारले, झोपेत, असं तिने फोनवर सांगितलं.

मला आठवते ती ते निघण्याआधीची दुपार. प्रवाळं सांभाळायला तयार असलेले त्रिचीचे एक गृहस्थ थर्माकोलचे खोके घेऊन आले होते. सारनी एकेक दगड स्वतः उचलून पिशवीत ठेवला, गाडीच्या मागच्या सीटवर खोके लावून दिले. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. त्यांच्या हातांतून पाणी ठिबकत होतं. मी टॉवेल पुढे केला. त्यांनी मान हलवून नको म्हटलं, आणि दोन्ही हात अंगापासून जरा दूर धरून, पुसले जाऊ नयेत असे, ते उन्हात उभे राहिले.