टेलिफोनची घंटा

पासष्टच्या सप्टेंबरात आमची प्लाटून पंजाब सीमेवर एका कालव्याच्या काठी होती. मी हवालदार, अकोल्याचा. फील्ड टेलिफोनवर सिग्नलमन गावंडे, बार्शीटाकळीचा. शत्रूच्या तोफा धडाडल्या की पुढची टेहळणी चौकी आम्हाला फोन करी. घंटा, गावंडेची हाक, मग गोळे. मध्ये जेमतेम वीस सेकंद. चार दिवस हेच चाललं. पुढे हाकेचीही गरज उरली नाही. घंटा वाजली की अंग आपोआप खंदकात जाई.

पाचव्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही सात जण उघड्यावर चहा घेत होतो. घंटा वाजली.

"टेक कव्हर!" गावंडे ओरडला.

आम्ही आत उड्या टाकल्या. गावंडे बाहेरच थांबला. त्याला दुसऱ्या सेक्शनला कळवायचं होतं.

"शेलिंग! टेक..."

एवढंच ऐकू आलं. पहिला गोळा त्याच्याजवळ पडला.

पुढच्या वर्षी मी फौजेतून सुटलो. आईला घेऊन अमरावतीला बहिणीकडे गेलो. आईचा हात धरून रस्ता ओलांडत होतो. मागून सायकलची घंटा वाजली. भानावर आलो तेव्हा मी पालथा पडलेलो, आई माझ्याखाली. तिचं मनगट मोडलं होतं.

"काहून पाडलं रे मले?"

मी तिला उचलून दवाखान्यात नेलं.

भाऊजी कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. त्यांनी एक प्रयोग सांगितला. कुत्र्याला रोज घंटा वाजवून खाणं दिलं, तर पुढे नुसत्या घंटेनं त्याला लाळ सुटते. माणसाची भीतीही अशीच जडते.

"म्हणजे मी येडा नाही झालो?"

"नाही. तुझं अंग शिकलं. आता घंटा वाजेल अन् काहीच होणार नाही, हेही त्याले शिकवू."

दुसऱ्या दिवसापासून ते सायकल घेऊन अंगणाच्या टोकाला उभे राहू लागले. पहिल्या घंटेला मी ओट्यावरून खाली उडी टाकली. मग रोज थोडं जवळ. तिसऱ्या आठवड्यात प्लास्टरमधला हात गळ्यात बांधून आईनेच घंटा वाजवली. तळहात घामाने भिजले. मी बसून राहिलो.

त्यानंतर बार्शीटाकळीला गेलो. वर्षभर टाळलं होतं. गावंडेच्या वडिलांना सगळं सांगितलं.

"त्याच्या हाकेनं किती वाचले?" त्यांनी विचारलं.

"आमी सात जण."

"नावं सांगा."

मी सांगत गेलो. म्हातारा एकेक नाव हळू आवाजात म्हणत होता. सात झाल्यावर त्याने मुलाचं नाव घेतलं, आणि मी सावधान होऊन उभा राहिलो.