भांगाच्या दिवसांचा वर्ग

साळवीबाईंना कोणीही, केव्हाही फोन केला तरी पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं असे, "बोला, वर्ग सुरू आहे." मग फोन गॅसवाल्याचा असो, सुनेचा असो की विद्यापीठाच्या विभागीय अधिकाऱ्यांचा. मी एकदा न राहवून विचारलं, "बाई, केंद्रात चिटपाखरू नाही. कसला वर्ग सुरू आहे?" चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "नाचणकर, आपण दूरशिक्षणवाले. कोण कुठल्या पडवीत पुस्तक उघडून बसलंय, आपल्याला काय माहीत? आपण सुरूच आहे असं धरून चालायचं."

रत्नागिरीतल्या आमच्या महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडला लागून, एका मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र आहे. दोन खोल्या, चार कपाटं आणि बाई. मी खरा वाणिज्यचा माणूस. एका कार्यक्रमात बंद पडलेला प्रोजेक्टर मी सगळ्यांसमोर चालू करून दाखवला आणि प्राचार्यांनी केंद्राची सगळी संगणकी कामं माझ्या गळ्यात घातली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. "तुमचं काम सोपं आहे," बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मी भांडेन, तुम्ही बटणं दाबा." पुढची सगळी वर्षं आमची कामाची वाटणी तीच राहिली.

बाई स्वतः लांज्याकडच्या, शेतकरी घरातल्या. नवरा मुंबईला गोदीत, इथे सासू, दोन पोरं आणि भाताचे चार कोपरे. अशात त्यांनी बाहेरून बी. ए. केलं. एका वर्षी परीक्षा नेमकी लावणीच्या दिवसांत आली. घरात दुसरं कोणी वाकणारं नव्हतं, म्हणून बाई चिखलात उभ्या राहिल्या आणि पेपर बुडाले. निकालपत्रात गैरहजर असा शेरा आला. तो त्यांना फार लागला होता. इतक्या वर्षांनीही त्या विषयावर आल्या की आवाज चढायचा. "गैरहजर मी नव्हते हो. मी माझ्या जागेवर हजर होते. गैरहजर होतं ते वेळापत्रक."

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे नाटे या खाडीकाठच्या गावातला अभ्यासक्रम. आमचं विद्यापीठ आणि झांजिबारमधली अशीच एक दूरशिक्षण संस्था, यांनी मिळून किनाऱ्यावरच्या बायकांसाठी एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम काढला. मासळी आणि शिंपले स्वच्छ सुकवणं, टिकवणं, बांधणी करून विकणं असे विषय. इकडून नाटेच्या बायका, तिकडून तिथल्या गावातल्या, मध्ये व्हिडिओचा पडदा आणि दोन दुभाषे. प्रमाणपत्र हातात आलं की बायकांच्या गटाला परवाना काढून थेट हॉटेलांना माल देता येणार होता. दर बुधवारी दुपारी साडेतीनला दोन्हीकडचा एकत्र वर्ग भरायचा. करारात एक कलम होतं, सहामाही आढाव्यात हजेरी कमी पडली तर त्या ठिकाणचा अभ्यासक्रम बंद.

आणि हजेरी कमी पडू लागली. एका बुधवारी नाटेच्या समाजमंदिरात माणसं मावत नसत, पुढच्या बुधवारी मोकळ्या सतरंजीवर एक मांजर. झांजिबारकडेही तीच गत. विभागीय अधिकाऱ्यांनी कारणंही काढली होती, बायकांना गोडी नाही, नवरे सोडत नाहीत, नेटवर्क नाही. बाईंना यातलं एकही पटेना. काही वर्षांपूर्वी याच बायकांसाठी काढलेला शिवणाचा अभ्यासक्रम अर्ध्यावर गुंडाळला गेला होता, तेव्हा नाटेला जाऊन तसं सांगायची पाळी बाईंवरच आली होती. "एकदा त्यांना जेवायला बसवून आपण ताटं उचलली," त्या म्हणाल्या. "आता पुन्हा ते तोंड घेऊन मी तिथं जाणार नाही."

तेव्हा त्यांचं हृदयाचं दुखणं सुरू झालं होतं. प्रवास नको म्हणून मी सुचवलं, तर म्हणाल्या, "डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलंय. एसटीला दोनच पायऱ्या असतात." पावस-पूर्णगडमार्गे गाडी नाटेला पोचेपर्यंत माझी कंबर ढिली झाली. बाई उतरल्या त्या थेट रुबिनाच्या घरी. रुबिना गटाची प्रमुख, पंचविशीतली, जिभेनं तिखट.

"बुधवारी कुठं असता गो?" बाईंनी विचारलं.

"बाई, आमाला बुधवार-गुरुवार काय कामाचा नाय," रुबिना म्हणाली. "उधाणाचे दिवस आसले की दुपारपासून पाणी लांब आत जातं. खाडीत तिसऱ्या, कालवं असले शिंपले काढायचे ते तवाच. त्यावर घर चालतं. भांग आसला की पाणी धड चढत नाय नि धड उतरत नाय. तवा आमी मोकळ्या. तवा बोलवा, सगळ्या येतो."

मी पालीचा. समुद्राशी माझा संबंध ताटातल्या बांगड्यापुरता. परतीच्या गाडीत बाईंनी मला कॅलेंडर उघडायला लावलं. पुनव-अवसेच्या आगेमागे उधाण, अष्टमी ते एकादशी भांग. भरलेले बुधवार सगळे भांगातले निघाले, रिकामे सगळे उधाणातले. बाईंनी प्रत्येक बुधवार पुन्हा एकदा बोटानं मोजून पाहिला. मग म्हणाल्या, "लावणी आणि परीक्षा. तेच आहे हे."

रत्नागिरीला पोचताच त्यांनी झांजिबारच्या झुहुराला फोन लावला. झुहुरा तिकडची केंद्रप्रमुख, आमच्या बाई तिला झुहुराताई म्हणत आणि तीही ओ देई. बाईंचं इंग्रजी लांज्याच्या वळणाचं, तिचं तिच्या बेटाच्या वळणाचं, पण दोघींचं कधी अडलं नाही. तिनं ऐकलं आणि मोठ्यानं हसत सुटली. त्यांच्याकडेही उधाणाच्या ओहोटीला बायका समुद्रशेवाळाच्या वाफ्यांत उतरतात. भांगाला तिच्या गावात मेलेलं पाणी म्हणतात, ती म्हणाली, आणि तिची आई लग्नंसुद्धा त्याच दिवसांत ठरवायची.

दोघींनी मिळून प्रस्ताव धाडला. दर पंधरवड्यात भांगाच्या चार दिवसांत दोन वर्ग, म्हणजे महिन्याचे तास तेवढेच. बैठकीत आमचे अधिकारी कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "बाई, हा दोन देशांतला करार आहे. तिथीवर चालायला हे हळदीकुंकू नव्हे."

"सर, चंद्राची करारावर सही नाही हे मान्य," बाई शांतपणे म्हणाल्या, "पण दोन्ही देशांत तो एकच आहे."

प्रस्ताव बाजूला ठेवला गेला. आढाव्यापर्यंत बुधवारच ग्राह्य, असं उत्तर आलं. दुसरं कोणी असतं तर हात टेकले असते. बाईंनी बुधवारचे आणि भांगाचे, असे दोन्ही वर्ग चालवले. भांगाच्या दिवशी नाटेचं समाजमंदिर भरून जायचं. तिकडच्या बायका मांडवावर मासळी कशी सुकवतात ते दाखवत, इकडून रुबिनानं तिसऱ्यांचं लोणचं घालून दाखवलं. रुबिनाचे आजोबा गलबतातून झांजिबारला जाऊन आलेले, हे कळल्यावर पडद्यापलीकडची एक म्हातारी त्यांच्या नावाची चौकशी करत बसली. आणि उधाणातल्या बुधवारी साडेतीनला बाई एकट्याच रिकाम्या पडद्यासमोर बसायच्या, समोर झुहुरा एकटी. दोघी पूर्ण वेळ बसून सगळ्यांची गैरहजेरी मांडायच्या.

मी म्हटलं, "बाई, बुधवारच्या रकान्यात हजर लिहून टाकू. शिकतायत तर खरंच."

"आणि मग बुधवारच बरा होता असं सिद्ध होईल," त्या म्हणाल्या. "नाही म्हणायला नुसतं तोंड लागतं, नाचणकर. ते बदलायला बूड टेकून बसावं लागतं."

त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. चेहरा ओढलेला, पाय सुजलेले, आणि ही बाई रिकामी खोली राखत बसली आहे. आज कळतं की माझी सोयीची सूचना त्यांनी मानली असती, तर नाटेचा वर्ग कायमचा बुधवारी अडकला असता.

आढाव्याला दोन्ही केंद्रांची हजेरी शेजारी शेजारी ठेवली गेली. एकट्या नाटेची असती, तर गावंढळपणा म्हणून बाजूला सारली गेली असती. पण दोन किनारे एकाच दिवशी रिकामे आणि एकाच दिवशी भरलेले दिसत होते. झुहुराच्या संस्थेचे प्रमुख आधी हो म्हणाले, मग आमचे. "पुढच्या तुकडीपासून तिथीनं चालवा," आमचे अधिकारी म्हणाले, आणि बाईंसाठी चहा मागवला. बाईंनी आधी याच तुकडीचे भांगाचे वर्ग हजेरीत मोजायला लावले, मग चहा प्यायला.

विद्यापीठाच्या संगणकाला तिथी कळत नाही. त्यामुळे प्रत्येक वर्ग मलाच हातानं घालावा लागतो. पहिल्या तुकडीला प्रमाणपत्रं मिळाली, परवानाही निघाला. दुसऱ्या तुकडीला रुबिनाच शिकवू लागली.

त्या तुकडीच्या मध्यावर, एकादशीच्या पहाटे बाई गेल्या. त्या दिवशी दुपारी वर्ग होता. रद्द झाल्याचं कळवायला मी रुबिनाला फोन केला. बातमी ऐकून ती रडली, मोठ्यानं आणि बराच वेळ. मग नाक ओढून म्हणाली, "सर, आज एकादशी. उद्यापासनं पाणी ओढाय लागंल, बाया खाडीत जातील. आज नाय झाला तर पंधरवडा जायाचा. तुमी लिंक पाठवा."

"अगं, पण आज..."

"पाठवा तुमी."

स्मशानातून आंघोळीला घरी जाऊन मी केंद्र उघडलं आणि लिंक पाठवली. साडेतीनला पडद्यावर एकेक चौकट उजळत गेली. झुहुरा डोकं झाकून बसली होती, तिच्या मागे तिच्या बायका. रुबिनाचे डोळे सुजले होते. तिनं नावं पुकारायला सुरुवात केली. दोन्ही किनाऱ्यांवरून एकही नाव मागे राहिलं नाही.