कुंपणावरचा तुरा

काटेरी झाड घरात आणलं की भांडणं लागतात, असं माझी सासू म्हणायची. मला हसू यायचं. त्या घरात भांडणं आधीपासूनच नांदत होती, झाड तर माझ्या मागून आलं.

ते दिलं माझ्या वडिलांनी. अकोल्याला एका साहेबाच्या बंगल्यावर ते माळीकाम करायचे. साहेबानं जहाजातून कुठून तरी मागवलेलं ते झाड जातीचं निवडुंगच, पण आपल्या बांधावरच्यासारखं नाही. त्याचा शेंडा पसरट होत गेलेला, वळ्यावळ्यांचा, थेट कोंबड्याचा तुरा. साहेबाची बदली झाली आणि कुंडी वडिलांकडे राहिली. पहिल्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाले, घेऊन जा, तुझ्यासारखंच आहे, उगाच कुणी हात लावणार नाही. अकोला ते अमरावती बैलगाडीत मी ती मांडीवर धरून आले. संक्रांतीच्या आत वडील गेले. त्यांचं म्हणून माझ्याजवळ तेवढंच उरलं.

आणि तेच मी स्वतःच्या हातानं मारायला निघाले होते. माळ्याची लेक, माळ्याची सून. झाडाला पाणी घातल्याशिवाय माझ्या हाताला चैन पडेल का? मोटेचं पाणी वांग्याला, मेथीला, सासूच्या शेवंतीला गेलं की उरलेला तांब्या मी तुऱ्याला घालायची. लग्नाच्या पाचव्या वर्षी फाल्गुनात बोट लावलं तर बुंधा पचकन आत गेला. खालून सगळा सडलेला. मी विहिरीच्या काठावर बसून रडले, आणि मग स्वतःचाच राग आला. रडून कलम होतं का?

कलम करणं आमच्याकडे पुरुषांचं काम. मी मात्र लहानपणी वडिलांच्या मागे मागे फिरून पाहिलेलं. विळा तापवून घेतला आणि हिरवागार गर लागेपर्यंत तुरा खालून छाटत गेले. मळ्याच्या कुंपणात जुनं निवडुंग होतं, त्याचं एक जाड पान वरून कापलं, चिकावर चीक बसवून वर तुरा ठेवला, बाभळीच्या काट्यांनी टाचला आणि केळीच्या सोपटानं बांधला. पाण्याचा थेंब दिला नाही. दीड महिन्यात त्यानं कडेला नवी पोपटी वळी काढली. ती पाहून मला जे वाटलं ते पहिल्या लेकाच्या वेळीही वाटलं नाही, आता काय लपवायचं!

त्याच दिवसांत माणसांना कापसाचं वेड लागलं. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई पेटली होती म्हणे, आणि इथे कापसाला सोन्याचा भाव आला. माझा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, घरातला कर्ता. त्यानं आधी वांगी काढली, मग मेथी, मग सासूच्या शेवंतीचे वाफे वखरून टाकले. सासूनं जन्मभर त्या फुलांची टोपली देवीच्या देवळापुढे मांडली होती. तिनं रिकामी टोपली आढ्याला टांगून ठेवली. वैशाखात भासऱ्याची नजर कुंपणावर गेली. कुंपण काढलं तर कापसाच्या चार ओळी जास्त बसतात.

आमच्यात भासऱ्याशी बोलायचं नाही. तो आला की पदर ओढायचा आणि भिंतीकडे तोंड करायचं. पाच वर्षांत त्याच्या कानावर माझा आवाज पडला नव्हता. माझं म्हणणं मी नवऱ्याला सांगायची, नवरा गिळून टाकायचा. या वेळी भासऱ्याचा निरोप तेवढा माझ्यापर्यंत पोचला: "तिले सांग, झाड ठेवाचं असन तं झाड घेऊन माहेरी जाय." माहेर कुठलं? वडील तर गेलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडी कुऱ्हाडी नि काटेरी पानं धरायच्या बेचक्या घेऊन आले आणि एका टोकापासून तोडत निघाले. मी जाऊन कलमाच्या पुढ्यात बसले. भासरा आला. पदर ओढायला माझा हात वर गेला, तो मी खाली घेतला. त्याला काय म्हणून हाक मारायची तेही ठाऊक नव्हतं, म्हणून हाक न मारताच बोलले.

"मी कुठीच जात नाई. तोडाचं असन तं आंदी माह्या अंगावरून वखर घाला."

गडी थांबले. नवरा मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. त्याचा राग मला आजही आहे. भासऱ्याचं तोंड लाल झालं. तेवढ्यात सासू आली. मी म्हटलं, आता ही माझी वेणी धरून नेणार. तर ती माझ्या शेजारी मांडी घालून बसली, पदर सारखा केला आणि लेकाला म्हणाली, "चालव रे. दोघीवरून चालव."

आमच्या पाठीमागचं तेवढं पंधरा-वीस हात कुंपण राहिलं. बाकी सगळं गेलं.

कापूस फुटला तशा गाड्याही आल्या. सगळ्या मुलखाचा कापूस अमरावतीच्या बाजारात निघालेला, रस्त्यावर गाडीला गाडी लागलेली. गाडीवान आमच्या मळ्यालगत बैल सोडायचे. कुंपण नाही म्हटल्यावर बैलांना कोण अडवणार? दोन वेचण्यांचा कापूस त्यांनी बोंडापानांसकट खाल्ला.

भासरा उन्हं उतरताना कुंपणाशी आला. निवडुंगाची पानं जमिनीत खोचली की नवं कुंपण होतं, आणि पानं तेवढी माझ्याकडे उरलेली. तो नवऱ्याकडे बघून म्हणाला, "पानं पाह्यजेत."

मी म्हटलं, "कोनाले मांगून राह्यले?"

त्यानं नवऱ्यावरची नजर काढली. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुले मांगून राह्यलो, बाई."

मी शेवंतीचे वाफे मागितले, सासूच्या नावानं. तो हो म्हणाला. मग मी बेचकीनं धरून एकेक पान तोडून त्याच्यापुढे टाकलं. तो उचलायला वाकला, हातात काटे घुसले, तरी मी थांबले नाही. पाटी भरली तेव्हा एवढंच सांगितलं, "पानी घालू नोका."