दुकान वाढवायचं म्हणजे

आमचं इंग्लंडात, वॉटफर्डला पडद्यांचं दुकान होतं. आमचे हे मापं घ्यायचे, कापायचे, नि मी शिवायची. हसाल, पण लोकांनी घरं घेतली की आमची चूल पेटायची, कारण नव्या घरात माणूस आधी पडदे बघतो. कापड आधी आणायचं, गिऱ्हाइकाचे पैसे मागाहून, नि मधले दिवस बँकेच्या ओव्हरड्राफ्टवर, म्हणजे खात्यात नसलेले पैसे उचलून, काढायचे.

मग बँका डळमळायचे ते दिवस आले. टीव्हीवर एका बँकेबाहेर म्हातारी माणसं स्वतःचे पैसे काढायला रांगेत उभी. रांगेचं काय, इकडे रांग म्हणजे नित्याचीच, पण चेहरे बघवेनात. मी यांना म्हटलं, "आपले बँकेत कुठे एवढे पैसे आहेत? आपल्याला कसली भीती?"

"अगं, आपले तिच्याकडे नाहीत, पण तिचे आपल्याकडे आहेत ना! तिला धडकी भरली की ती आपल्याच दारात येणार."

तसंच झालं. बँकांनी घरकर्जं आखडती घेतली, घरं विकली जाईनात, पडदे थांबले. आणि आमच्या बँकेचा निरोप आला, तुमचा ओव्हरड्राफ्ट काढून घ्यायचा आहे, येऊन भेटा.

त्या रविवारी लेक मिल्टन कीन्सहून जेवायला आली होती. नोकरी तिची तिकडे, जन्म मात्र इथला, वॉटफर्डचा. जेवता जेवता हे म्हणाले, "दुकान वाढवावं म्हणतो."

माझा हात आमटीच्या पळीवरच थांबला. आपल्यात दुकान बंद करतो असं कुणी म्हणत नाही. बांगडी फुटली तरी ती वाढली म्हणायचं, तसंच हे. मला कळलं, मी खाली मान घालून भात कालवत बसले. लेकीला मात्र वाढणं दोनच ठाऊक, ताटात भात वाढणं नि पोरांची उंची वाढणं. ती म्हणाली, "बाबा, रिअली? मी येते तुमच्याबरोबर बँकेत!" आम्हाला वाटलं, पोरगी धीर द्यायला येतेय.

बँकेतला अधिकारी तरुण होता, मऊ बोलणारा, झोप न झालेला. यांनी घसा साफ केला, तोवर लेक बोलून मोकळी. माझ्या वडिलांना बिझनेस एक्सपांड करायचा आहे म्हणे! आणि सुरूच झाली. लोक नवी घरं घेत नाहीत, मग आहेत ते पडदे आपण दुरुस्त करू. अस्तर बदलू, थंडीसाठी जाड करून देऊ, वृद्धाश्रमांना विचारू. केवढा विचार करून आली होती! मी टेबलाखालून यांचा पाय दाबला. हे ढिम्म. नुसते तिच्याकडे बघत राहिलेले.

अधिकारी म्हणाला, "माझ्याकडे येणारा प्रत्येक जण टिकायचं कसं ते विचारतो, आणि तुम्ही मोठं व्हायचं म्हणता. सर, खरंच?"

यांनी नुसतं नाही म्हटलं असतं तरी दुकान तिथंच संपलं असतं. हे म्हणाले, "यस. शी इज टेलिंग करेक्ट."

बाहेर कार पार्कमध्ये मी तिला शब्दाचा अर्थ सांगितला. पोरगी पांढरी पडली. "ओ माय गॉड, आई! माझा चूक झाला. बाबा, तुम्ही मला थांबवलं का नाही?"

"तू इतकी छान बोलत होतीस, मध्ये तोंड कुठे घालू?"

"पण तुम्हाला तर शॉप बंद—"

"शूऽ!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो, नि मग तिघंही गाडीला टेकून हसत सुटलो. हसता हसता यांनी डोळे पुसले.

थोड्या दिवसांनी बँकेचं उत्तर आलं. नवं कर्ज नाही, बँकेनं आधी स्वतःला सांभाळायचं असा वरून हुकूम आहे. पण ओव्हरड्राफ्ट एकदम न मागता हप्त्यांनी घेऊ. मला त्या अधिकाऱ्याचा राग नाही आला बरं का. त्याची बँकही आमच्यासारखीच, दुसऱ्यांच्या पैशावर उभी, नि सगळे एकदम मागायला येऊ नयेत म्हणून देव पाण्यात घालून बसलेली.

हप्ते झेपतील का, हे यांनी मला विचारलं नाही नि मीही विचारलं नाही. एका वृद्धाश्रमानं पडदे दुरुस्तीला दिले, जड, धुळीनं भरलेले. लेक शनिवारी यायला लागली. हे अस्तर उसवायचे, ती दुसरं टोक धरायची.

"ओढू नकोस गं, नुसतं धर."

"धरलंय ना, बाबा!"

"याला धरणं म्हणतात? हे लोंबकळणं झालं."

ती फुरंगटून आणखी घट्ट धरायची. मी मशीन थांबवून ऐकत बसायची, नि मग हे माझ्यावर खेकसायचे, "तुला काय झालं? शिव की!"