एका ब्लाउजची शिलाई

कोल्हापूरच्या अख्ख्या मंगळवार पेठेत स्वतःचं वाटोळं इतक्या नीटनेटकेपणानं करून घेतलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. दारूनं, पत्त्यांनी नाहीतर भावकीच्या भांडणांनी वाटोळं झालेले पुष्कळ पाहिले, त्यात काही विशेष नाही. आमच्या शिलाई मशीनच्या मिस्त्रीनं ते भर दिवसा, शुद्धीत, हातात स्क्रू ड्रायव्हर धरून केलं, आणि आपण अगदी न्यायानं वागतोय अशा समाधानात केलं. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायची. पाठीमागं सगळी पेठ त्याला अरे-तुरे करायची, मीही करायची, आणि इथंही तसंच लिहिते. स्वस्तातल्या माणसाला लोक मान देत नाहीत. मीही दिला नाही.

त्याचा गाळा म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. कपाटापेक्षा थोडी मोठी. आत मिस्त्री बसला की गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहायचं, आणि मशीन आत गेलं की मिस्त्रीनंही. जिन्यावरून कुणी उतरलं की खाली धूळ पडायची, म्हणून तो बारा महिने टोपी घालून बसायचा. चाळीस वर्षं त्याचं पोट, अब्रू आणि पत्ता सगळं त्या जिन्याखाली होतं. त्याला नावानं कुणी ओळखत नव्हतं. जिन्याखालचा मिस्त्री म्हटलं की लहान पोरही दाखवायचं. तो गाळा राहतोय की जातोय, ह्यावरच शेवटी सगळं येऊन थांबलं.

मजुरी ठरवायचा त्याचा नियम एकच, आणि तो त्यानं कुठून काढला होता देव जाणे. ज्या मशीनवर जे शिवलं जातं, त्याच्या एका नगाची शिलाई जेवढी, तेवढी त्याची मजुरी. काम दोन मिनिटांचं असो नाहीतर दोन दिवसांचं. ब्लाउज शिवणारीकडून एका ब्लाउजची, पिशव्या शिवणाऱ्याकडून एका पिशवीची, आमच्या बोळाच्या तोंडाला उशांच्या खोळी शिवणारे चाचा बसायचे त्यांच्याकडून एका खोळीची. मशीन उघडायच्या आधी तो एकदाच विचारायचा, "एका नगाचं काय घेताय?" समोरचा सांगेल तो आकडा त्याला वेदवाक्य. "मशीन तुमास्नी रोज मिळवून देतंय, त्यातला एक नग माझा. जास्ती घेतला तर तुमचा घास, कमी घेतला तर माझा," असं तो म्हणायचा आणि मान खाली घालून स्क्रू सोडायला लागायचा. ज्या घरात मशीन फक्त घरच्यापुरतं होतं, पोरांची झबली नाहीतर गोधड्या शिवण्यासाठी, तिथं पैसेच घ्यायचा नाही. मग मजुरी काय, तर दुरुस्त झालेल्या मशीनवर त्याच्या हत्यारांच्या पिशवीला एक ठिगळ लावून द्यायचं. पिशवी मूळची खाकी होती असं सांगतात. मी पाहिली तेव्हा तिच्यावर खणाची, चादरीची, शाळेच्या गणवेशाची, कुणाच्या तरी लग्नातल्या शालूच्या काठाची अशी ठिगळं होती. रस्त्यानं चालला की लांबून वाटायचं, बुजगावणं कामाला निघालंय.

दुरुस्तीची रीतही तऱ्हेवाईक. मी ब्लाउज शिवायची; माझ्याकडं आला की मशीनकडे बघायच्या आधी तो त्याच्या लाकडी फळीला कान लावायचा, डोळे मिटायचा आणि मला पायडल मारायला सांगायचा. त्या कानानं त्याला सगळं कळायचं. तेल कुठं संपलंय, सुई कुठं घासतेय, मागच्या आठवड्यात कुणी दुसऱ्यानं हात लावलाय का, सगळं. एकदा तसाच कान लावून म्हणाला, "आक्का, डाव्या पायानं मारत न्हाईस तू. गुडघा धरलाय काय?" मी म्हटलं, तुमी मशीनचं बघा. पण गुडघा धरला होता, आणि ते मी घरातही कुणाला सांगितलं नव्हतं.

ह्या नियमापायी त्याची भांडणंही व्हायची. राजारामपुरीत नवरीचे ब्लाउज शिवणारी एक बाई होती. बाहेर काचेचं दार, आत थंड हवा. तिनं ह्याला बोलावलं. ह्यानं विचारलं, एका नगाचं काय घेताय. तिनं मान ताठ करून अडीच हजार सांगितले. ह्यानं कान लावला, एक स्क्रू अर्धा फेरा फिरवला, मशीन पाण्यासारखं चालायला लागलं, आणि ह्यानं अडीच हजार मागितले. बाईनं आवाज चढवला, अर्ध्या फेऱ्याचे अडीच हजार म्हणजे काय दरोडा आहे का, म्हणाली. मिस्त्रीनं वाद घातला नाही. त्यानं तो स्क्रू अर्धा फेरा उलटा फिरवला, बिघाड होता तसा जागच्या जागी ठेवला आणि पिशवी उचलून घरी आला. हे त्यानं मला हसत सांगितलं नाही. त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसलंच नव्हतं.

महापुराच्या वर्षी नदीकाठच्या घरांतली मशिनं गाळात गेली. महिनाभर तो त्या घरांतून फिरत होता, ओट्यावर बसून एकेक भाग रॉकेलमध्ये धूत होता. मजुरी एक पैसा नाही. बुडालेल्या मशीननं काय मिळवलं, काही नाही. मग आपलंही काही नाही. तेव्हा त्याची बायको माझ्याकडे येऊन बसली होती. ती माझं जुनं गिऱ्हाईक, वर्षाला दोन ब्लाउज, गळा लहान, बाह्या कोपरापर्यंत. मिस्त्रीची बायको म्हणून मी तिला कधी सवलत दिली नाही, तिनं कधी मागितली नाही. ती म्हणाली, "बाकीचं मिस्त्री गाड्या उडवत फिरत्यात. आमचं ह्ये दुसऱ्याचा चिखल धुत्यात, आन मी ह्यांची कापडं." एवढं बोलून ब्लाउजचे पैसे मोजून ठेवले आणि गेली.

आता माझं. माझा नवरा असून नसल्यासारखा होता, दोन मुली मी ब्लाउज शिवून वाढवल्या, आणि माझा भाव मी कधी कुणासाठी कमी केला नाही. गिऱ्हाईक कुरकुरलं तर मी कापड परत देत असे. पण मिस्त्रीनं विचारलं, एका नगाचं काय घेतीस, की मी खोटं सांगायची. साठ घेत होते तेव्हा पस्तीस सांगितले. दीडशे घेत होते तेव्हा ऐंशी. फार अडचण होती म्हणून केलं असं म्हणायला सोपं आहे, पण ते खरं नाही. अडचण सुरुवातीची चार-पाच वर्षं होती. पुढं नुसती सवय. त्याला खोटं सांगता येत होतं, म्हणून सांगितलं.

मग इमारतीचा म्हातारा मालक गेला. मुलांनी पाडून नवीन बांधायचं काढलं. मिस्त्रीला सांगितलं, नव्या इमारतीत गाळा पाहिजे असेल तर दिवाळीच्या आत डिपॉझिट भरा, नाहीतर जागा मोकळी करा. डिपॉझिटचा आकडा ऐकून मिस्त्रीनं टोपी काढली, झटकली आणि परत घातली. त्याच सुमारास माझी भाची कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका शेडमध्ये शिवायला जात होती. कारखान्यातल्या कामगारांचे हातमोजे शिवायचे, चाळीस मशिनं, आणि रोज चार बंद. तिनं तिथल्या साहेबांना मिस्त्रीचं सांगितलं. दर महिन्याला येऊन चाळीसही मशिनं बघायची, वर्षाचा करार. तेवढं जमलं असतं तर गाळा राहिला असता. हे मला कळत होतं, त्याच्या बायकोला कळत होतं, आणि खरं म्हणजे त्यालाही कळत होतं.

त्याला एकट्याला पाठवण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी बरोबर गेले. एसटीत त्याला पढवलं. साहेबांनी भाव विचारला की एका मशीनला दोनशे म्हणायचं, दुसरं काही बोलायचं नाही. तो शाळेतल्या पोरासारखा कागलपर्यंत दोनशे, दोनशे म्हणत होता. शेजारची बाई मला म्हणाली, पावण्यास्नी बरं न्हाय का.

शेडमध्ये त्यानं पहिल्या मशीनला कान लावला. बायका हसल्या. पाच मिनिटांत ते मशीन चाललं तेव्हा हसायच्या थांबल्या. साहेब खूश झाले, म्हणाले, मिस्त्री, तुमचा भाव सांगा. मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं. मी पदराआडून दोन बोटं दाखवली. तो तोंड उघडणार, तेवढ्यात त्याला त्याची सवय आडवी आली. तो वळला आणि माझ्या भाचीलाच विचारलं, "बाई, एका जोडीचं तुला काय मिळतंय?" भाचीनं माझ्याकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, दीड रुपया.

मिस्त्री साहेबांना म्हणाला, एका मशीनचा दीड रुपया.

साहेबांना ती चेष्टा वाटली. माणूस वाईट नव्हता. स्वतःच म्हणाला, अहो, शंभर-दोनशे काय ते नीट सांगा, दोनशे देऊ. माझ्या जीवात जीव आला. आणि मिस्त्री म्हणाला, "ह्या मशीनवर तिला दीड रुपाया मिळतोय सायेब, मी दोनशे कुठनं घेऊ? तिचं वाढवा, माझं आपोआप वाढतंय की."

तो हे ओरडून बोलला नाही. पण एक मशीन थांबलं, मग दुसरं, मग सगळीच थांबली, आणि एवढ्या मोठ्या शेडमध्ये नुसता पंख्यांचा आवाज राहिला. साहेबांचा चेहरा बदलला. पावणं, चहा घेऊन जावा, एवढंच ते म्हणाले. चहा आला नाही. आम्हीही थांबलो नाही.

परत येताना मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. बायकोचं, गाळ्याचं, म्हातारपणाचं, सगळं काढलं. तो पिशवी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होता. उजळाईवाडीच्या जवळ आल्यावर म्हणाला, "दोनशे तोंडात आलतं आक्का. पर तिनं दीड सांगितला की."

बायकांचा भाव वाढला नाही. वाढला असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण वाढला नाही. भाचीला आठवडाभर टोमणे ऐकावे लागले. दिवाळीनंतर इमारत पडली. जिना सगळ्यात शेवटी पाडला. मिस्त्री समोरच्या पानपट्टीजवळ उभा राहून बघत होता, आणि धूळ उडत होती तरी त्यानं टोपी हातात धरली होती. त्याच थंडीत त्याची बायको गेली. मुलगी त्याला शिरोळला घेऊन गेली. तिथं चारी बाजूंना ऊस आणि ट्रॅक्टर. शिलाई मशीन दुरुस्त करून घ्यायला कोण येणार? पेठेत आता एक नवा मेकॅनिक येतो. मशीनला हात लावायच्या आधी तीनशे घेतो आणि मग सांगतो, मावशी, हे भंगारात द्या. लोक त्याला साहेब म्हणतात.

मीही ब्लाउज शिवायचं बंद केलं. गुडघे आणि डोळे दोन्ही गेले. मशीन खिडकीपाशी होतं, टाके सोडायला लागलं होतं. ह्या उन्हाळ्यात मिस्त्री डोळे दाखवायला कोल्हापुरात आला. मुलीला बाजारात काम होतं, तिनं त्याला दुपारी माझ्याकडं बसवलं. वाळून काटकी झालेला, पण पिशवी तीच. मशीन दिसल्यावर त्यानं पाणीही घेतलं नाही. फळीला कान लावला, मला पायडल मारायला लावलं, थोडा वेळ चाचपून काहीतरी घट्ट केलं. आणि सवयीनं विचारलं, एका नगाचं काय घेतीस.

मी सांगितलं. तुम्ही शेवटचं आलात तेव्हा साडेतीनशे घेत होते, तुम्हाला दोनशे सांगितले. आणि त्याच्या आधीही दर वेळी कमीच सांगितलं.

तो सुई पुसत होता. म्हणाला, "ठावं हाय."

कसं, म्हटलं.

"माझ्या बायकूचं बिलाउज कोण शिवत हुतं?"

इतकी साधी गोष्ट तीस वर्षांत माझ्या डोक्यात आली नव्हती. ती माझ्यासमोर पैसे मोजून ठेवायची आणि त्याच्याच घरी जायची. मी विचारलं, मग बोलला का न्हाईसा?

"इचारायचं माझं काम. सांगायचं तुझं."

मी उठले, डब्यातून नोटा काढल्या, किती होत्या ते बघितलं नाही, आणि त्याच्यापुढं धरल्या. त्यानं घेतल्या नाहीत. आता ब्लाउज शिवतीस का, म्हणाला. नाही म्हटलं. मग मशीन घरगुती झालं, म्हणाला, आणि पिशवी रिकामी करून माझ्या हातात दिली.

पिशवीवर जागा नव्हती. ठिगळावरच ठिगळ लावावं लागणार होतं. मी चिंध्यांच्या गाठोड्यातून एक जाड निळा तुकडा काढला. सुईत दोरा ओवायला बसले तर मला दिसेना. त्याच्याकडं दिलं तर त्यालाही दिसेना. आम्ही दोघांनी दोरा चाटून चाटून पाव तास घालवला. शेवटी कसा ओवला गेला ते सांगता येणार नाही. मी पायडल मारायला लागले. मिस्त्रीनं टोपी काढून बाजूला ठेवली, फळीला कान लावला आणि डोळे मिटले.

ठिगळाला एक टीप पुरते. मी तीन मारल्या, दोन्ही पायांनी.