पाहुणीच्या मुलीची भाषा
सुकवलेलं गवत जळल्याचा गोडसर वास आला की अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या विद्यापीठातलं ते सभागृह आठवतं. बाहेर बर्फ पडत होता. कॅनडाहून आलेल्या आदिवासी पाहुणीने आधी त्यांच्या रिवाजाप्रमाणे तसंच गवत जाळलं आणि मग ती बोलायला लागली. तिच्या आजीला सरकारने लहानपणी घरातून उचलून बोर्डिंग शाळेत टाकलं होतं आणि तिथे स्वतःच्या भाषेत बोललं की मार बसायचा. ती भाषा हिने चाळिशीत, वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडून शिकून घेतली होती. "सरकारने माफी मागितली, पण आमच्या भाषेच्या शाळा कोण उघडणार?" तिने विचारलं. टाळ्या पडत असतानाच तिची चिमुरडी स्टेजवर धावली आणि त्याच भाषेत आईशी बडबडू लागली. माझे हात थांबले. मला त्या आईचा हेवा वाटला. आमची मराठी तर कुणी हिसकावली नव्हती. "बघ, आईशी कशी बोलते!" मी शेजारी बसलेल्या माझ्या लेकीला म्हटलं. "मॉम, कॅन वी गो नाऊ?" ती म्हणाली. आज माझी लेक वकील आहे, आदिवासींच्या भाषांच्या हक्कासाठी लढते. केस जिंकली की पहिला फोन मलाच करते आणि सगळं भरभरून सांगते, इंग्रजीत.